रिकामी फेरी

व्हिटबी बंदर
६ मे १९८६

नेल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे शेगडीत टाकणार, मला माहीत आहे. टाक. पण आधी एवढी एक ओळ वाच : हेदर ठणठणीत आहे, माझ्याच बोटीवर आहे आणि आत्ता माझ्यासमोर बसून सॉसेज करपवते आहे. झालं. आता हवं तर टाक.

नाही टाकलंस? बरं.

ईस्टरला तू जे बोललीस ते मी मनाला लावून घेतलं नाही, असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल. लागलं मला. 'नवरा दिला तुमच्या त्या बोटीला, आता पोरगीही हवी का?' असं भर जेवणात म्हणालीस, कोट चढवलास आणि पहिल्या बसने गेलीस. त्यानंतर तुझं एक अक्षर नाही. मी तिला फूस लावली, हे तू पक्कं धरून बसली आहेस. अगं, मी जन्मभर मासे तळले. मला कुणाला फूस लावायला वेळ कधी होता?

ती आपल्या पायांनी कथबर्टकडे गेली. 'मला लाइफबोटीवर घ्या' म्हणाली. आपला तांडेल कसा आहे ते तुला सांगायला नको. त्याने तिला चहा पाजला, ती मुलगी आहे याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि मग रिवाज ऐकवला. ज्या घरातला माणूस बुडणाऱ्यांना वाचवायला जाऊन परत आला नाही, त्या घरातलं दुसरं कुणी घ्यायचं तर घरच्या बाईने स्वतः बोटीच्या शेडच्या दारात येऊन हो म्हणायचं. चिठ्ठी चालत नाही, निरोप चालत नाही, मावशी तर मुळीच चालत नाही. 'आईला घेऊन ये,' म्हणाला. पोरगी घरी आली ती तोंड पाडून.

आणि तू आहेस त्या गावात, जे तू नकाशावर बोट फिरवून शोधलंस, समुद्रापासून सगळ्यांत लांब. तिथे लोकर विकतेस. मी तुला दोष देत नाही. तुझा गिल गेल्यानंतर तू कुठेही गेली असतीस तरी मी दिला नसता.

मी काय करतेय ते कथबर्टच्या बायकोने तुला कळवलं असेलच. माशांचं दुकान विकलं. बाबांची बोट दुरुस्त केली, वर छोटी खोली बांधून घेतली, आणि आता सगळ्या देशाच्या किनाऱ्याला वळसा घालायला निघाले आहे. दर बंदरात उतरायचं, लाइफबोटवाल्यांसाठी देणगीचा डबा फिरवायचा, पुढे जायचं. हे लोक पगार घेत नाहीत, पण बोटीला तेल लागतं, दोर लागतो, नवी बोट लागते. हेदरने बेकरीच्या गाडीवरचं काम सोडलं आणि सोबत आली. म्हणते, 'एफीमावशी, तू एकटी गेलीस तर पहिल्या वळणावर बुडशील.' तुझीच जीभ आहे.

मी तुझ्याकडे काही मागणार नाही. फक्त जे पाहीन ते लिहीन.

एफी


पोल्वेरन, कॉर्नवॉल
१ जून

नेल,

इंग्लिश चॅनलमध्ये थोडा वारा लागला. थोडाच. (हेदर खांद्यावरून वाचतेय आणि म्हणतेय, खरं लिही. बरं, चांगलाच लागला. मी ओकले. तुझी मुलगी सुकाणू धरून गाणी म्हणत होती.)

इथे जे पाहिलं ते लिहावं की नाही, यावर मी बराच विचार केला. लिहिते.

हेदरच्या केसांचा मिठाने काथ्या झाला होता. बंदरावर एक न्हाव्याचं दुकान आहे, बायकांचेही कापतो. नाव जोरी. बडबड्या माणूस, हात चालतोय तसं तोंडही. अर्धं डोकं कापून झालं होतं, एक बाजू कानापर्यंत, दुसरी खांद्यापर्यंत, आणि बाहेर लाइफबोटवाल्यांना बोलावणारे दोन बार उडाले. मी कपाटाला धरून उभी राहिले. जोरीने कात्री हेदरच्या हातात ठेवली, 'जरा धर गं' म्हणाला आणि गेला. पळाला म्हणत नाही मी. दारातून नाहीसाच झाला. एप्रन रस्त्यात पडला होता.

बाकड्यावर माणसं बसली होती. एकही जण निघून गेला नाही. एका म्हाताऱ्याने उठून किटली लावली, जसं काही हा दुकानातला रोजचाच भाग आहे. मी म्हटलं, 'तुम्ही पुन्हा येणार का?' तर तो म्हणतो, 'कशाला? नंबर जाईल ना माझा.' सगळ्यांनी चहा घेतला. कुणी समुद्राकडे पाहिलं नाही. तुझी मुलगी अर्ध्या केसांनी कात्री धरून बसली होती आणि मला हसू येत होतं, आणि नेल, मला त्या म्हाताऱ्याच्या पायाशी बसावंसंही वाटत होतं.

दुपार कलल्यावर जोरी आला. नखशिखांत भिजलेला. हात धुतले, टॉवेल घेतला आणि म्हणाला, 'हां, कुठवर आलो होतो?'

हेदरने विचारलं, 'मिळाले का?'

'कोण?'

'ज्यांच्यासाठी गेलात ते.'

'छे! ते कधीच घरी पोचले होते. नवरा-बायको होते, छोट्या होडीत. खडकापाशी दिसले म्हणून कुणीतरी कळवलं. हे दोघे तोवर पलीकडच्या खाडीत होडी बांधून जेवायला बसले होते. आम्ही सगळे खडक पालथे घातले. रिकामी फेरी.'

मला राहवलं नाही. मी म्हटलं, 'आणि तुम्हाला राग नाही आला?' माझा आवाज चढला होता. दुकानातले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

त्याने कात्री थांबवली. खरंच कोड्यात पडल्यासारखा बघत होता. 'राग कसला, बाई? जिवंत आहेत. यापेक्षा चांगली फेरी कुठली असते?'

आणि कापायला लागला.

मला ठाऊक आहे नेल, तू इथवर वाचून पत्र खाली ठेवलं असशील. गिल ज्या लोकांसाठी गेला तेही असेच दुसऱ्या बंदरात दारू पीत बसले होते आणि कळवायची अक्कल कुणाला झाली नाही. 'माझा नवरा कुणासाठीच मेला नाही,' असं तू म्हणायचीस, आणि मला त्यावर कधी उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही. पण तो न्हावी ज्या तोंडाने ते बोलला ते तोंड मी पाहिलं आणि ते तुझ्यापासून लपवणं मला जमेना.

केस छान कापलेत. पैसे घेतले नाहीत, आमच्या डब्यात टाका म्हणाला.

एफी


टोबरमोरी
२७ जून

नेल,

प्रत्येक बंदरात पोस्टात जाऊन विचारते. तुझं काही नसतं. पोस्टातल्या बायका आता मला बघूनच मान हलवतात. असो.

आज काय झालं ते ऐक. वारा मंद, पाणी काचेसारखं. हेदर सुकाणूवर, मी बटाटे सोलतेय. बोटीच्या बाजूला पाण्याखाली काहीतरी काळं सरकलं. मला वाटलं खडक, आणि माझा जीव गेला. खडक नव्हता. मासा होता. अगं, आपल्या बोटीपेक्षा लांब मासा! तोंड उघडलेलं, एवढं मोठं की आपली कोळशाची गाडी आत जाईल. आतून पांढरं, कातळाच्या गुहेसारखं. तो कुणाला खात नाही, पाण्यातला बारीक चुरा गाळून घेतो फक्त. आमच्या शेजारून इतक्या सावकाश गेला की मी हात घातला असता तर पाठीला लागला असता. मग दुसरा. मग माझं मोजायचं भान सुटलं. चारी बाजूंना त्या काळ्या पाठी आणि आम्ही मधोमध, हातात बटाटा.

मी आयुष्यभर मासे तळले, आणि मला वाटायचं समुद्र मला कळतो. मूर्ख बाई.

हेदरने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. चर्चमध्ये काढतात तशी. मी चिडवणार होते, पण सुरी खाली ठेवली. मग ती म्हणाली, 'बाबांनी पाहिले असतील का हे?' मी म्हटलं, 'तो इतका पश्चिमेला कधी आला नाही.' तर म्हणते, 'मग मी त्यांच्या वतीने बघते.' आणि रडली नाही बरं का. नुसती बघत राहिली.

ती त्याच्यासारखी उभी राहते, नेल. डावा पाय पुढे टाकून, बोटीवर रुसल्यासारखी. तू पाहिलेलं नाहीस, कारण तू तिला बोटीवर कधी पाहिलेलंच नाहीस.

इथल्या दारूच्या दुकानात कुणीतरी गुपचूप आमचा डबा तोंडापर्यंत भरला. कुणी भरला असं विचारलं तर सगळे छताकडे बघत होते.

एफी


स्कार्वे, केथनेस
२० जुलै

नेल,

हे पत्र बसून वाच. हेदर ठीक आहे. मी ठीक आहे. बोटीचं सुकाणू गेलं, बाकी बोटही ठीक आहे. आता सांगते, आणि या वेळी 'थोडा वारा' वगैरे काही नाही.

स्कॉटलंडच्या डोक्यावरून पूर्वेला वळायचं तर पेंटलंडच्या सामुद्रधुनीतून जावं लागतं. एकीकडे अटलांटिक, दुसरीकडे आपला समुद्र, आणि भरती-ओहोटीला एकाचं पाणी दुसऱ्यात रिकामं होतं. नदी वाटते, पण नदीला काठ असतो. वेळ साधली तर पाणीच तुम्हाला पाठीवर घेऊन जातं. आम्ही वेळ साधली होती. आणि मध्येच वारा पडला. शीड लुळं. इंजिन चालू केलं, तर कुणाच्यातरी शेवंडांच्या पिंजऱ्याचा दोर पंख्यात अडकला आणि इंजिन खोकून मेलं. आम्ही त्या दोराशी झटापट करेपर्यंत पाण्याने दिशा बदलली. आणि आम्हाला मागे न्यायला लागलं.

मागे काय होतं ते आधी ऐकू आलं. घरघर. रेल्वे बोगद्यातून येते तशी, पण न थांबणारी. मग दिसलं. सगळीकडे समुद्र गुळगुळीत, आणि एका पट्ट्यात लाटा जागच्या जागी उभ्या. पुढे सरकत नाहीत, नेल. तिथेच उठतात, तिथेच कोसळतात, पुन्हा तिथेच उठतात. उलटं फिरलेलं पाणी तिथे पश्चिमेच्या लाटांना भिडतं. वारा नाही, ऊन पडलंय, आभाळ निळंशार, आणि त्याच्याखाली ही भिंत. इतकं सुंदर आणि इतकं भयंकर मी काही पाहिलेलं नाही. आम्ही तिकडे चाललो होतो, कुणी हात धरून नेल्यासारखे.

हेदर म्हणाली, 'मावशी, रेडिओवर सांग.'

मी म्हटलं, 'थांब जरा.'

नांगर टाकला, तो तळाला लागेचना. 'मावशी, सांग ना.' मी म्हटलं, 'वारा येईल आत्ता.'

खरं कारण तुला सांगते. लाज तर होतीच. डोलकाठीवर लाइफबोटवाल्यांचा झेंडा, हातात त्यांचा डबा, आणि आपणच त्यांना हाका मारायच्या? सगळ्या किनाऱ्यावर हसू झालं असतं. पण नुसती लाज नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर एक स्वयंपाकघर आलं. कुणीतरी बाई जेवण वाढतेय, बार उडतो, आणि तिचा नवरा खुर्ची मागे ढकलून उठतो. माझ्यासाठी. म्हटलं नको. माझ्यापायी कुणाची नेल व्हायला नको.

मी ते मोठ्यानेच बोलले असणार. कारण हेदर पांढरीफटक होऊन माझ्याकडे बघत म्हणाली, 'तू अगदी आईसारखं बोलतेयस.' आणि माझ्या हातातून रेडिओ ओढून घ्यायला आली. तेवढ्यात पहिली लाट बसली. रेडिओ गेला, भांडी गेली, सुकाणूचा लोखंडी खिळा काडीसारखा मोडला. मी तुझ्या मुलीला कमरेला धरलं आणि तिने मला. मी काही शूर नव्हते. मी किंचाळत होते.

आम्ही हाक मारलीच नाही, नेल. हाक मारली जेसी मोवॅट नावाच्या म्हातारीने. डोंगराच्या नाकावर तिचं घर आहे. कपडे वाळत घालत होती. एक शीड आडवं जातंय हे तिने पाहिलं, आणि ओले कपडे तसेच टाकून फोनकडे धावली.

मग ती बोट दिसली. निळी आणि केशरी. लाटेच्या माथ्यावर आली, अर्धी हवेत, आणि खाली गेली ती गेलीच. मी म्हटलं संपले बिचारे. पुन्हा वर आली. पुन्हा गेली. दर वेळी थोडी जवळ. आपण दोघींनी लहानपणापासून लाइफबोट जाताना पाहिली आहे, दोर ओढून पाण्यात लोटलीही आहे. पाठच पाहिली आपण तिची, नेहमी. तिचं तोंड मी या जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आपल्याकडे येताना. कसं सांगू तुला? मी चर्चमध्ये इतकी वर्षं गुडघे टेकले, पण त्या दिवशी ते आपोआप टेकले गेले. वर एक माणूस उभा होता, दोराला स्वतःला बांधून, आणि आम्हाला हात करत होता. बाजारात ओळखीचं कुणी दिसल्यावर करतात तसा, साधा.

दोर आला. हेदरने झेलला. पहिल्याच फेकीत, एका हाताने, आणि लाट डोक्यावरून जात असताना बांधला. कुणी शिकवलं तिला? एकजण आमच्या बोटीत उडी मारून आला, इव्हर, गावात शवपेट्या करणारा सुतार. मला कमरेत धरून म्हणाला, 'घाबरू नका बाई, मी आज धंद्यासाठी आलेलो नाही.' त्या पाण्यात मी हसले!

किनाऱ्यावर सूप दिलं, घोंगड्या दिल्या. तांडेल मॅग्नस, एरवी गावचा पोस्टमन, माझं सूप संपेपर्यंत थांबला. मग मला जे झापलं, बाई गं, आपल्या आईने कधी झापलं नसेल.

'घरात लाइफबोटवालं कुणी आहे का?'

'मेहुणा होता,' मी म्हटलं.

'वाटलंच! तुम्ही लोक सगळ्यांत वाईट. शहरातले दीडशहाणे बूट भिजला तरी बोलावतात, तेच बरे. तुम्ही मात्र गळ्यापर्यंत पाणी येईस्तोवर मानपान सांभाळता. आधी बोलावलं असतंत तर सपाट पाण्यातून दोर लावून आणलं असतं, गप्पा मारत. तुम्ही गप्प बसलात म्हणून माझी पोरं त्या लाटांत गेली.'

मी मान खाली घातली. आमची चूक नेमकी तीच होती. आम्हाला वाटतं न बोलावणं म्हणजे दया. मग मी त्याला गिलचं सांगितलं. ते लोक तिथे नव्हतेच, हेही सांगितलं. सगळ्यांनी टोप्या हातात घेतल्या. मॅग्नसने माझं भांडं पुन्हा सुपाने भरलं. मग म्हणाला, आता अगदी हळू, 'पण ते तिथे नाहीत, हे कुणीतरी जाऊन पाहिल्याशिवाय कळणार कसं?'

एवढंच. मला इतकी वर्षं जे उत्तर सुचलं नाही ते एका पोस्टमनने दिलं, आणि त्याला ते उत्तर आहे हेही ठाऊक नव्हतं. आज ते तिथे होते, नेल. आज ती मी होते. आणि तुझी मुलगी.

आता ऐक, तुला बरं वाटेल असं. रात्रीच्या जेवणाला हेदर घास फिरवत बसली आणि म्हणाली, 'मावशी, मला नाही जमणार. मी फार घाबरले. कथबर्टकाकांना सांग, मी येत नाही.' मी म्हटलं, 'सांगते.' दुसरं काय म्हणणार?

सकाळी उठले तर ती अंथरुणात नाही. शेडमध्ये सापडली. इव्हरबरोबर लाइफबोटीवरचं मीठ धुवत होती, त्याचेच मोठे बूट घालून. तो तिला सांगत होता, 'जाताना भ्यायला फुरसत नसते. आल्यावर बायको सगळ्या दिवसाची भीती एकदम वाढते, ताटात घालून.' ती हसत होती, पण एकच फळी पुन्हा पुन्हा पुसत होती. मी बाहेरच थांबले. ती काय ठरवेल ते मला कळलं, आणि तुला कळवायलाच हवं म्हणून लिहिते. हा तुला लावलेला गळ नाही. तू नाही म्हणालीस तर ती ऐकेल, आणि मी तुझ्या बाजूने उभी राहीन. मी त्या पाण्यात होते. आता तुझी भीती मला बाहेरून नाही, आतून माहीत आहे.

एफी


आयमाउथ
१३ ऑगस्ट

नेल,

उद्या घरी. पण उद्यापर्यंत मला दम निघत नाही.

आज बंदराच्या कचेरीत माझ्या नावाने फोन आला. कथबर्ट. फोनवर तो पैसे वाचवल्यासारखा बोलतो. 'तुझी बहीण येऊन गेली,' म्हणाला.

मी खुर्ची शोधली. हेदर बाहेर शीड गुंडाळत होती, तिला हाक मारायचंही मला सुचलं नाही. 'आणि?' मी म्हटलं. तो एकेका शब्दावर अडत राहिला आणि मी त्याच्याकडून एकेक ओढून काढत राहिले, खेकड्याच्या नांगीतून मांस काढतात तसं.

तू दोन बसा बदलून आलीस म्हणे. पावसात. दुपारची वेळ होती, शेडमध्ये सगळे इंजिन उघडून बसले होते. तू उंबऱ्यापाशी उभी राहिलीस, आत आली नाहीस. सगळे उठले. कुणी तुला बस म्हणालं नाही. आणि तू बोटीकडे बघत राहिलीस. किती वेळ, ते कथबर्टलाही सांगता येईना. तुझ्या हातात माझी पत्रं होती, म्हणाला, सगळी, सुतळीने बांधलेली. एकही शेगडीत टाकलं नाहीस गं!

मग तू म्हणालीस, 'घ्या तिला.'

कथबर्ट म्हणाला, 'नेल, नीट विचार केलास ना?' आणि तू त्याच्यावर उसळलीस. 'मला कुणी सांभाळून घेऊ नका. गिल गेला त्या वादळात तुम्ही मला उठवलं नाहीत. झोपू दे बिचारीला म्हणालात. तो तिकडे पाण्यात, आणि मी इकडे उबेत घोरत होते. सगळ्या गावाला माहीत, आणि मला सकाळी. ते मी अजून विसरले नाही, विसरणारही नाही. ती बाहेर पडली की मला कळवायचं. आल्यावर नाही. निघताना. कितीही वेळ असो. ती पाण्यात असताना मी झोपलेली असायची नाही.'

एवढं सांगून कथबर्टने कुणीतरी दार वाजवतंय अशी बतावणी केली आणि फोन ठेवला.

नेल, मी या देशाला सगळा वळसा घातला. त्या माशांच्या मधोमध बसले, ती लाटांची भिंत पाहिली, आमच्याकडे येणारी ती बोट पाहिली. मला वाटलं होतं, यापुढे मला थक्क करणारं काही उरलेलं नाही. मग माझी धाकटी बहीण, जिला मी आंघोळ घातली आहे, ती पावसातून त्या दारात गेली आणि म्हणाली, घ्या. मी बंदराच्या कचेरीत बसून इतकी रडले की तिथल्या कारकुनाने मला त्याचा डबा खायला दिला.

हेदरला मी सांगितलं. ती शीड अर्धं सोडून धक्क्याच्या टोकापर्यंत गेली, तिथे उभी राहिली, परत आली आणि उरलेलं शीड गुंडाळलं, फार नीट.

तुला इतकी वर्षं वाटत होतं की तो गेला म्हणून तू चिडलीस. मलाही तेच वाटत होतं.

कथबर्टला मी परत फोन लावला. म्हटलं, शेडमधल्या फोनपाशी आता मी बसणार, दुकान नाही, मला काम हवंय. तो म्हणाला, बस. तेव्हा बार उडाले की पहिला नंबर मी तुझा फिरवणार. काही बोलायचं सुचलं नाही तर बोलू नकोस. मीही नाही बोलणार. दोघी नुसत्या धरून बसू, आणि ती आत येईपर्यंत फोन ठेवायचा नाही. बिल माझं.

तुझी,
एफी